मुंबई बंदराच्या चिलखती नौका : ‘मॅग्डाला’ आणि ‘ॲबिसिनिया’

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत मुंबईच्या बंदरात दोन विलक्षण आकृतीच्या युद्धनौका तैनात होत्या. त्यांचे काठ पाण्यापासून जेमतेम तीन-साडेतीन फूट वर होते. त्यांना डोलकाठ्या नव्हत्या, शिडे नव्हती. मध्यभागी लोखंडी कोट आणि त्याच्या दोन टोकांस दोन वाटोळे फिरते बुरूज एवढाच त्यांचा दृश्य भाग होता. ‘मॅग्डाला’ व ‘ॲबिसिनिया’ ही त्यांची नावे. या नौकांनी शत्रूवर एकही तोफ डागल्याची नोंद नाही आणि शत्रूची तोफ त्यांच्यावरही कधी डागली गेली नाही. यामुळेच की काय, मुंबईच्या इतिहासात त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

तथापि लढाई न झालेल्या शस्त्राचा अभ्यास निष्फळ असतो असे नाही. एखादे शस्त्र कोणत्या भीतीपोटी घडविले गेले, ते कोणी घडविले, त्याचा खर्च कोणी सोसला आणि ते कालबाह्य का झाले, या प्रश्नांची उत्तरे रणांगणाच्या वृत्तांताहून कधी कधी अधिक बोधप्रद ठरतात. प्रस्तुत लेखात या दोन नौकांच्या रचनेचे विवेचन करून त्यांच्यामागील कारणपरंपरा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. ज्या युद्धाने मुंबईला अपूर्व संपत्ती दिली त्याच युद्धाने तिचे बंदर असुरक्षित केले, आणि ज्या लोखंडाने तिचे रक्षण व्हावयाचे त्याच लोखंडाने तिची शंभर वर्षांची जहाजबांधणी निष्प्रभ केली, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. लाकडाचा पराभव

लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेहून मुंबईस १७३६ साली आले. तेव्हापासून सुमारे शतकभर मुंबईच्या गोदीत बांधलेल्या सागवानी जहाजांचा लौकिक इंग्लंडपर्यंत पोचला होता. ‘मिंडेन’ (१८१०), ‘कॉर्नवॉलिस’ (१८१३), ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) आणि ‘एशिया’ (१८२४) या ब्रिटिश नौदलाच्या युद्धनौका येथेच तयार झाल्या. नॅव्हारिनोच्या लढाईत (१८२७) ‘एशिया’ ही ब्रिटिश सेनापतीची ध्वजनौका होती, तर चीनशी झालेल्या नानकिंगच्या तहावर (१८४२) ‘कॉर्नवॉलिस’वर सह्या झाल्या. सागवान लवकर कुजत नाही, आणि ओकप्रमाणे लोखंडास गंजवीत नाही. या गुणांमुळे मुंबईची जहाजे दीर्घायुषी ठरत.

परंतु लाकूड कितीही उत्तम असले तरी स्फोटक गोळ्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही, हे १८५३ साली निर्विवादपणे दिसून आले. त्या वर्षी ३० नोव्हेंबर रोजी काळ्या समुद्रातील सिनोप बंदरात रशियन आरमाराने स्फोटक गोळ्यांच्या साहाय्याने तुर्कांचे लाकडी आरमार जाळून नष्ट केले. भरीव गोळा लाकडाला भोक पाडतो, आणि ते भोक सुतार बुजवू शकतो. स्फोटक गोळा मात्र लाकडात शिरून फुटतो व आग लावतो. मग बुजविण्यास काही उरत नाही. यावर फ्रेंचांनी जो उपाय योजला तो १७ ऑक्टोबर १८५५ रोजी किनबर्न येथे कसोटीस लागला. सुमारे चार इंच जाडीच्या लोखंडी पत्र्यांनी मढविलेल्या त्यांच्या तीन तरत्या तोफखान्यांनी किल्ल्याजवळ जाऊन मारा केला. त्यांच्यावर गोळ्यांचा वर्षाव झाला, परंतु चिलखत भेदले गेले नाही. जी हानी झाली ती मुख्यतः तोफांच्या खिडक्यांतून आत शिरलेल्या गोळ्यांमुळे झाली.

यानंतर घटना वेगाने घडल्या. फ्रान्सने १८५९ साली ‘ग्लॉयर’ ही लाकडी सांगाड्यावर लोखंडाचे आवरण असलेली समुद्रगामी युद्धनौका पाण्यात सोडली. इंग्लंडने १८६० साली ‘वॉरियर’ ही संपूर्ण लोखंडी सांगाड्याची नौका पाण्यात सोडून तिला उत्तर दिले. ‘वॉरियर’चे चिलखत साडेचार इंच घडीव लोखंडाचे होते, आणि त्याच्या पाठीशी अठरा इंच जाडीचे सागवान होते. लोखंड गोळा अडवी, तर सागवान त्याचा धक्का सोशी व पत्र्यांचे खिळे सैल होऊ देत नसे. जहाजाचे सर्वस्व असलेले सागवान आता चिलखतामागचे अस्तर बनले. मुंबईच्या गोदीच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ स्पष्ट होता. सुतारकामाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान येथे होते. जाड पत्रे लाटणाऱ्या गिरण्या, प्रचंड भट्ट्या आणि मुबलक कोळसा येथे नव्हता.

२. हॅम्प्टन रोड्स आणि कापूस

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१–६५) मुंबईच्या इतिहासात कापसाच्या निमित्ताने सर्वश्रुत आहे. एप्रिल १८६१ मध्ये उत्तरेच्या सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस तुटला, आणि खानदेश, वऱ्हाड व गुजरातच्या कापसास कधी नव्हे इतका भाव आला. त्या पैशाच्या लोंढ्यातून शेअरांचा सट्टा, समुद्र बुजविण्याच्या योजना आणि अखेर १८६५ ची दिवाळखोरी उद्भवली. हा इतिहास परिचित असल्याने त्याचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. परंतु ज्या नाकेबंदीने मुंबईला श्रीमंत केले ती मोडून काढण्याच्या प्रयत्नातच चिलखती नौकांची पहिली परस्परांशी लढाई झाली, हा संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही.

दक्षिणेने ‘मेरिमॅक’ या जळालेल्या जहाजाचा तळभाग वर काढून त्यावर उतरत्या भिंतींचे लोखंडी छप्पर उभारले आणि नौकेचे नाव ‘व्हर्जिनिया’ ठेवले. दोन फूट जाडीच्या लाकडावर चार इंच लोखंड, आणि नाळेस टक्कर देण्यासाठी लोखंडी चोच, अशी तिची रचना होती. ८ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्स येथे तिने ‘कंबरलँड’ला टक्कर देऊन बुडविले व ‘काँग्रेस’ला आग लावून नष्ट केले. दोन्ही लाकडी युद्धनौका होत्या. त्याच रात्री उत्तरेची ‘मॉनिटर’ तेथे येऊन पोचली. जॉन एरिक्सनने रचलेल्या या नौकेचा काठ पाण्यापासून जेमतेम दीड फूट उंच होता. तिच्यावर एकच फिरता बुरूज होता. त्याची भिंत एकेक इंचाच्या आठ पत्र्यांची होती, आणि त्यात अकरा इंच व्यासाच्या दोन तोफा होत्या. ९ मार्च रोजी दोन्ही नौका सुमारे चार तास अगदी जवळून लढल्या, परंतु कोणीच कोणास बुडवू शकले नाही.

या अनिर्णित लढाईने दोन गोष्टी निर्णायकपणे सिद्ध केल्या. चिलखताविना असलेले आरमार चिलखती नौकेपुढे निरुपयोगी आहे, ही पहिली. दुसरी गोष्ट तोफांच्या मांडणीविषयी होती. जुन्या जहाजांत तोफा दोन्ही बाजूंस रांगेने मांडलेल्या असत, आणि नेम धरण्यासाठी संपूर्ण जहाज वळवावे लागे. फिरत्या बुरुजात थोड्याच पण अत्यंत जड तोफा ठेवून जहाज न वळविता त्यांचा रोख बदलता येतो. उथळ व अरुंद पाण्यात या सोयीचे मोल फार मोठे असते.

याच युद्धाने ‘मॉनिटर’ जातीच्या नौकांच्या मर्यादाही दाखवून दिल्या. ३१ डिसेंबर १८६२ रोजी ‘मॉनिटर’ स्वतः वादळात बुडाली, कारण तिच्या सखल काठावरून येणारे पाणी आत शिरण्यास असंख्य वाटा होत्या. ७ एप्रिल १८६३ रोजी चार्ल्सटनच्या किल्ल्यांवर नऊ चिलखती नौकांनी हल्ला केला. किल्ल्यांनी दोन हजारांहून अधिक गोळे फेकले, तर नौकांना दीडशेच्या आसपासच फेकता आले. जड तोफ ठासण्यास लागणारा वेळ हे त्याचे एक मोठे कारण होते. ५ ऑगस्ट १८६४ रोजी मोबाईल उपसागरात ‘टेकम्सी’ ही नौका सुरुंगावर आदळून काही क्षणांत बुडाली. किल्ल्यांवर चालून जाण्यास अशा नौका दुबळ्या, खोल समुद्रात धोकादायक, परंतु आपल्याच किल्ल्यांच्या आश्रयाने बंदर राखण्यास समर्थ, असा निष्कर्ष या अनुभवांतून निघतो.

३. उघडे बंदर

आता मुंबईकडे वळू. १८६३ साली इंडियन नेव्ही बरखास्त करण्यात आली व हिंदी किनाऱ्याच्या संरक्षणाची जबाबदारी ब्रिटिश नौदलाकडे गेली. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना (१८६२–६७) मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडण्यास आरंभ झाला. वाढत्या शहरास त्यांची अडचण होत होती, आणि नव्या तोफांपुढे त्यांचा उपयोगही राहिला नव्हता. अशा प्रकारे कापसाच्या भरभराटीने शहर समृद्ध होत असतानाच त्याचे जुने संरक्षण, पाण्यावरचे आणि जमिनीवरचेही, नाहीसे झाले.

धोका केवळ काल्पनिक होता असे म्हणता येणार नाही. दक्षिणेची ‘अलाबामा’ ही व्यापारी जहाजे लुटणारी नौका १८६३ च्या अखेरीस सिंगापूरला पोचली, आणि जानेवारी १८६४ मध्ये मलबार किनाऱ्यावरील अंजेंगो येथे येऊन गेली. ती चिलखती नव्हती, आणि ब्रिटनशी तिचे वैरही नव्हते. तरी एकाकी वाफेची युद्धनौका हिंदी किनाऱ्यापर्यंत बिनदिक्कत येऊ शकते, हे तिने दाखविले. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोप मुंबईच्या अधिकच जवळ आला.

बंदराच्या तोंडाशी बेटावर बळकट ठाणे असावे ही कल्पना कोकण किनाऱ्यास नवी नव्हती. शिवछत्रपतींनी १६७९ साली खांदेरी बेटाची तटबंदी आरंभिली तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी जो आकांत केला त्याचे कारण हेच होते. जलदुर्गाचे सामर्थ्य त्याच्या जागेत असते. त्याची मर्यादाही तीच असते, कारण तो हलत नाही. १८६० नंतर इंडिया ऑफिसने मुंबईसाठी जे मागविले ते थोडक्यात सांगावयाचे तर हलणारे जलदुर्ग होते.

४. रचना

सर एडवर्ड रीड हे १८६३ ते १८७० या काळात ब्रिटिश नौदलाचे मुख्य रचनाकार होते. ‘मॉनिटर’चा मुख्य दोष त्यांनी अचूक हेरला होता. सखल काठामुळे शत्रूस लक्ष्य लहान मिळते आणि थोड्या चिलखतात संपूर्ण जहाज झाकता येते, हा लाभ सोडावयाचा नव्हता. परंतु बुरुजाचे बूड, धुराड्याची वाट, हवेचे झरोके आणि खाली उतरण्याची दारे सखल डेकवरच असल्यास लाट आली की पाणी आत शिरणार. रीड यांनी डेकच्या मध्यभागी चिलखती भिंतींचा एक लांबट कोट उभारला, या सर्व वाटा त्या कोटाच्या आत घेतल्या, आणि दोन फिरते बुरूज त्याच्या पुढल्या व मागल्या टोकांस बसविले. लाट डेकवरून वाहून गेली तरी ती कोटाच्या भिंतीवर फुटे. जहाजाच्या पोटात जाण्यास तिला वाट मिळत नसे. तोफाही पाण्यापासून अधिक उंचीवर आल्या. डोलकाठ्या नसल्याने प्रत्येक बुरुजास वर्तुळाच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागात मारा करता येई.

या नमुन्याची पहिली नौका ‘सर्बेरस’ ही ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीसाठी होती. दुसरी ‘मॅग्डाला’. थेम्स आयर्नवर्क्सने तिचे बांधकाम १८६८ च्या ऑक्टोबरात सुरू केले, २ मार्च १८७० रोजी ती पाण्यात सोडली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती पूर्ण झाली. तिचे वजन ३,३४० टन, लांबी २२५ फूट व रुंदी ४५ फूट होती. तळ पाण्यात सुमारे १५ फूटच जाई. बंदरातील उथळ पाण्यात ही मोठी सोय होती. पाण्याच्या रेषेवरील चिलखती पट्टा मध्यभागी ८ इंच जाड असून दोन्ही टोकांकडे ६ इंचांपर्यंत पातळ होत गेला होता. बुरुजांची दर्शनी बाजू १० इंच जाड होती. या सर्व लोखंडामागे ९ ते ११ इंच सागवान होते. दोन बुरुजांत मिळून चार तोफा होत्या. प्रत्येकीचे वजन १८ टन व नळीचा व्यास १० इंच होता. नळीच्या आत पेचदार खाचा होत्या, आणि तोफा तोंडाकडून ठासावयाच्या होत्या. त्यांचा गोळा सुमारे ४०० पौंडांचा असे. दोन मळसूत्री पंख्यांच्या बळावर नौका ताशी साडेदहा नॉटांहून किंचित अधिक वेग घेई.

‘ॲबिसिनिया’ ही डजन यांच्या लंडनमधील कारखान्यात बांधली गेली आणि ऑक्टोबर १८७० मध्ये पूर्ण झाली. खर्च आटोक्यात ठेवावा या इंडिया ऑफिसच्या आग्रहामुळे ती लहान झाली. तिचे वजन २,९०१ टन होते आणि चिलखती पट्टा ७ इंचांपेक्षा जाड नव्हता. तोफा मात्र तितक्याच व तशाच होत्या. ‘मॅग्डाला’स सुमारे १ लक्ष ३२ हजार पौंड, तर ‘ॲबिसिनिया’स सुमारे १ लक्ष १६ हजार पौंड लागले.

दोन्ही नावे १८६७–६८ च्या हबसाण मोहिमेची स्मारके होत. मुंबईच्या सैन्याचे सेनापती सर रॉबर्ट नेपियर यांनी मुंबईहून निघून एप्रिल १८६८ मध्ये सम्राट थिओडोरचा मॅग्डाला हा गड घेतला. त्या मोहिमेवर गेलेल्या हिंदी फौजेच्या नेहमीच्या पगाराचा बोजा हिंदुस्थानच्या तिजोरीवरच टाकण्यात आला होता, आणि त्याविरुद्ध त्या काळीही तक्रार झाली होती. साम्राज्याच्या एका मोहिमेचे यश हिंदी बंदराच्या रक्षक नौकांवर कोरले गेले, ही गोष्ट नाममाहात्म्यापुरती मानून सोडून देण्याजोगी नाही.

५. प्रवास आणि पहारा

लंडनहून मुंबईपर्यंतचा प्रवास हीच या नौकांची खरी सागरी परीक्षा होती. ७ सप्टेंबर १८७० च्या पहाटे ब्रिटिश नौदलाची ‘कॅप्टन’ ही बुरुजांची चिलखती नौका स्पेनच्या किनाऱ्यानजीक वादळात उलटली. सुमारे पावणेपाचशे माणसे बुडाली, आणि तिचे जनक कॅप्टन कूपर कोल्स यांचाही त्यात अंत झाला. सखल काठ आणि शिडांनी भरलेल्या उंच डोलकाठ्या यांचा संयोग घातक ठरतो, असा रीड यांचा आक्षेप होता. तो दुर्दैवाने खरा ठरला. त्यानंतर दोनच महिन्यांनी पूर्ण झालेल्या ‘मॅग्डाला’वर मुंबईच्या सफरीपुरत्या तीन तात्पुरत्या डोलकाठ्या उभारण्यात आल्या होत्या. ती सुखरूप पोचली. शिडे हा तिच्या रचनेचा भाग नव्हता, केवळ वाटेची काठी होती, हा फरक येथे ध्यानात ठेवावा.

मुंबईत आल्यावर या नौका बंदर सोडून लढाईस कधी गेल्या नाहीत. १८७७–७८ चे रुसो-तुर्की युद्ध आणि १८८५ चे पंजदेह प्रकरण या दोन प्रसंगी रशियाशी युद्ध जुंपण्याचा रंग दिसत होता. त्या वेळी बंदरातील खडकांवरच्या तोफखान्यांच्या जोडीने संरक्षणाचा भार याच नौकांवर पडला असता. युद्ध झाले नाही. नौकांच्या धाकामुळे शत्रू आला नाही असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु तो आवरणे इष्ट होय. हल्ला न होणे हा धाकाचा पुरावा नव्हे; हल्ला न होण्यास मुंबईपासून दूर घडलेली राजकीय कारणे पुरेशी होती. फार तर असे म्हणता येईल की, ज्या शत्रूच्या कल्पनेने त्या बांधल्या होत्या तो एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात आला असता तर त्यांनी त्यास बंदराच्या तोंडाशी रोखले असते.

पुढील दशकांत मात्र हेही खात्रीने म्हणता येत नाही. तोफा इतक्या झपाट्याने सुधारल्या की आठ इंचांचे घडीव लोखंड अपुरे ठरू लागले आणि पोलादाचे चिलखत आले. १८९२ साली दोन्ही नौकांवर पाठीमागून ठासावयाच्या आठ इंची तोफा बसविण्यात आल्या. परंतु जुन्या चिलखतावर आणि मंद वेगावर उपाय नव्हता. त्याहून मोठा बदल पाण्याखाली होत होता. ‘टेकम्सी’चा सुरुंग आता स्वतः धावणारा पाणतीर बनला होता, आणि पाणतीर सोडणाऱ्या लहान, चपळ नौका बंदर राखण्यास स्वस्त व अधिक परिणामकारक ठरत होत्या. हिंदुस्थान सरकारसाठी १८९० साली अशा दोन नौका इंग्लंडात बांधल्या गेल्या. एकीचे नाव ‘प्लासी’ व दुसरीचे ‘असई’.

मराठवाड्यातील वाचकास हे दुसरे नाव परके नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जेथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा वेलस्लीने पराभव केला ते असई आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या परिसरात आहे. हबसाणातील एक गड, बंगालमधील एक आमराई आणि दख्खनमधील एक गाव अशा जिंकलेल्या ठिकाणांच्या नावांनी मुंबई बंदराचा पहारा सजविला गेला होता. ‘ॲबिसिनिया’ १९०३ साली व ‘मॅग्डाला’ १९०४ साली मोडीत विकली गेली.

६. उपसंहार

या दोन नौकांचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे? रचनेच्या दृष्टीने त्या आपल्या काळातील उत्कृष्ट बंदररक्षक नौका होत्या. ‘मॉनिटर’चा सद्‌गुण राखून तिचा प्राणघातक दोष दूर करण्यात रीड यांना यश आले होते. युद्धसेवेच्या दृष्टीने त्यांच्या खात्यावर काहीच जमा नाही. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यांचे महत्त्व पहिल्या दोन्ही कसोट्यांहून अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘कॉर्नवॉलिस’ व ‘ट्रिंकोमाली’ यांच्या काळी ब्रिटिश आरमार मुंबईकडून जहाजे घेत होते. ‘मॅग्डाला’च्या काळी मुंबईच्या रक्षणासाठी लंडनकडून जहाजे घ्यावी लागली. या दोन स्थितींमध्ये पन्नास-साठ वर्षांचेच अंतर आहे. या अंतरात मुंबईच्या कारागिरांचे कसब उणे झाले नव्हते. ज्या द्रव्यावर ते कसब उभे होते त्या द्रव्याचे राज्य संपले होते.

‘मॅग्डाला’ व ‘ॲबिसिनिया’ यांचा आज मागमूस उरलेला नाही. त्यांची बहीण ‘सर्बेरस’ १९२६ साली मेलबर्नजवळ लाटा अडविण्यासाठी किनाऱ्यालगत बुडविण्यात आली. तिचे गंजलेले बुरूज तेथे अद्याप पाण्यावर दिसतात. रीड यांची ही रचना प्रत्यक्ष पाहावयाची असल्यास अभ्यासकास तेथे जावे लागेल. मुंबईत १८१७ साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ मात्र इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगत आहे.